आधी बाटलीवरचा आकडा वाचा

नाशिकच्या सिडकोतल्या एका आईने विचारलंय. मुलगी ३ वर्षांची, वजन १२ किलो. ताप होता, कान ठणकत होता. डॉक्टरांनी कानात बघून जंतुसंसर्ग आहे म्हणून सांगितलं आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलानेटचं ड्राय सिरप (पावडरीत पाणी घालून तयार करायचं औषध) लिहून दिलं: ६ मिली सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारीच बाटली संपली. ताप उतरलाय, पण शी पातळ होतेय. सासूबाई म्हणतात, 'औषध उष्ण पडतंय, आता बंद कर.' मिस्टरांनी घराजवळच्या मेडिकलमधून दुसरी बाटली आणली, तर तिच्यावर २२८.५ ऐवजी ४५७ लिहिलंय. दुकानदार म्हणाला, 'तेच आहे.' आजपासून ही द्यायची का? आणि काल रात्री औषध पाजल्यावर ती ओकली, तेव्हा परत द्यायला हवं होतं का?

ताई, ती नवी बाटली अजून उघडली नसेल तर उघडू नका. बाकीचं सगळं नंतर.

दुकानदार खोटं बोलला नाही, पण अर्धंच खरं बोलला. दूध आणि बासुंदी, दोन्ही म्हटलं तर दूधच. तुमच्या पहिल्या बाटलीत दर ५ मिलीमागे २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलानेट होतं, त्यांची बेरीज २२८.५. नव्या बाटलीत दर ५ मिलीमागे ४०० आणि ५७, बेरीज ४५७. म्हणजे बरोब्बर दुप्पट घट्ट.

आता तुमच्या चिठ्ठीचं गणित बघा. ४० मिलिग्रॅम दर किलोला, दर दिवशी, या हिशेबाने १२ किलोच्या मुलीला दिवसाला ४८० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन होतं. दोन वेळांत वाटलं की एका वेळी २४०. २०० वाल्या बाटलीतून २४० मिळवायचे तर ६ मिली लागतात, आणि तेच तुमच्या चिठ्ठीवर आहे. तेवढेच ६ मिली नव्या बाटलीतून दिलेत तर पोटात ४८० जातील, म्हणजे अख्ख्या दिवसाचं औषध एका वेळी. डॉक्टर विचार मिलिग्रॅममध्ये करतात, चिठ्ठीवर मिली लिहितात, आणि घरात मोजले जातात चमचे. मी २४ वर्षं पंचवटीत मेडिकल चालवतेय. औषधच चुकीचं लिहिलं गेलं असं क्वचित बघितलं, पण या तीन पायऱ्यांवर पाय घसरलेले रोज बघते.

तेव्हा मिस्टरांना बाटली आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन परत पाठवा आणि २२८.५ ची मागून घ्या. त्या दुकानात नसेल तर दुसरीकडे मिळेल. नाशिकला हे काही दुर्मीळ औषध नाही, गोळे कॉलनीतल्या घाऊक औषधबाजारातून रोज खोकी भरून निघतात. आज मिळालीच नाही, तर डॉक्टरांना फोन करून '४५७ ची मिळाली आहे, किती मिली देऊ?' असं विचारा. दोन्हींत क्लॅव्हुलानेटचं प्रमाण सारखंच असल्यामुळे ते बहुधा ३ मिली म्हणतील. पण तो आकडा त्यांच्या तोंडून येऊ द्या. आणि हे वाचेपर्यंत एक डोस दुप्पट गेलाच असेल तर घाबरून जाऊ नका. एखाद्या वेळेने मोठं काही होत नाही, जुलाब किंवा उलटी होऊ शकते. पाणी पाजत राहा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला लिहीत नाही. दुकान नवीन असताना संध्याकाळच्या गर्दीत हीच चूक मी स्वतः केलीय. फळीवर दोन खोकी शेजारी शेजारी, रंग जवळजवळ सारखा, हाताला जे लागलं ते दिलं. दुसऱ्या दिवशी त्या बाळाची आजी आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने नुसतं एवढंच विचारलं, 'मागच्या टायमाला डब्बीवरचा आकडा लहान व्हता, आता मोठा कसा?' बाळाला जुलाबापलीकडे काही झालं नाही, पण डॉक्टरांना फोन करून माझी चूक सांगताना माझा हात थरथरत होता. तेव्हापासून बाटलीवरचा आकडा मी मार्करने मोठा करून लिहिते आणि समोरच्याला वाचायला लावते. दोन्ही खोकी आता वेगवेगळ्या फळ्यांवर असतात.

हा घोळ एकाच औषधाचा नाही. सेफिक्झिम ५० चं येतं आणि १०० चं येतं, अ‍ॅझिथ्रोमायसिन १०० आणि २०० चं. तापाचं पॅरासिटामॉल १२० किंवा १२५ चं असतं, आणि २५० चंही. नावापुढे फोर्ट, डीएस, डुओ असं काही जोडलेलं दिसलं की थांबायचं आणि '५ मिलीमध्ये किती' ही ओळ शोधायची. थोरल्याच्या आजारातली उरलेली बाटली धाकट्याला चालत नाही, त्याचं एक कारण हेही आहे.

आता बाटली तिसऱ्या दिवशीच का संपली ते. बाटली ३० मिलीची. रोज १२ मिली जातं, म्हणजे अडीच दिवस. ७ दिवसांना लागतं ८४ मिली, तीन बाटल्या. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी काउंटरवर सांगायला हवं होतं. बाटली संपली की कोर्स संपला असं समजून थांबणारे खूप असतात आणि त्यांचा तरी काय दोष, बाटलीवर कुठे लिहिलेलं नसतं. उलट अ‍ॅझिथ्रोमायसिनची २०० वाली १५ मिलीची बाटली तुमच्या मुलीच्या वजनाला रोज ३ मिलीप्रमाणे ५ दिवस बरोबर पुरली असती. प्रत्येक औषधाचा हिशेब वेगळा. मात्र तिन्ही बाटल्या एकदम आणल्या तरी एकदम कालवून ठेवायच्या नाहीत. एक संपली की पुढची.

कालवणं म्हणजे काय, हे जरा सावकाश सांगते, कारण सगळ्यात जास्त औषध इथेच बिघडतं. पूर्वी आम्हीच काउंटरवर पाणी घालून द्यायचो. आता बहुतेकांना पावडर तशीच मिळते आणि वर 'घरी पाणी घाला' एवढं एक वाक्य. अशी बाटली आधी उलटीपालटी करून तळावर टिचक्या मारा, पावडर मोकळी होऊ द्या. तिच्या गाठी झालेल्या असतील, ओलसर दिसत असेल तर परत करा, आत हवा शिरलेली असते. खोक्यात निर्जंतुक पाण्याची छोटी बाटली असेल तर तेच पाणी, पूर्ण. नसेल तर उकळून पार गार केलेलं पाणी घ्या. कोमट पाण्यात लवकर विरघळेल म्हणून काही जण कोमट घालतात. क्लॅव्हुलानेट उष्णतेने खराब होतं, तेव्हा तसं करू नका.

बाटलीवर किंवा लेबलवर एक रेष नाहीतर बाण असतो. त्याच्या निम्म्यापर्यंत पाणी घालून झाकण लावा आणि जोरात हलवा. मग रेषेच्या जवळ आणा, परत हलवा. आता फेस येतो आणि त्या फेसामुळेच नजर फसते. पाच मिनिटं बाटली ओट्यावर ठेवा. फेस बसला की पातळी रेषेच्या खाली गेलेली दिसेल, तेवढी भरून घ्या. ३० मिलीची बाटली आहे म्हणून ३० मिली पाणी मोजून घालू नका. पावडरही जागा खाते, त्यामुळे औषध पातळ होईल. गळ्यापर्यंत भरलं तरी तेच. कमी घातलं तर घट्ट, आणि मग चार चमच्यांत सहा चमच्यांचं औषध.

दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत कामाला आलेली एक बाई मला आठवते. पेठ तालुक्यातली, कडेवर दीड वर्षाचं पोर. पाच दिवस औषध देऊनही ताप हटत नव्हता, म्हणून बाटली घेऊन आली. बाटली रेषेपर्यंत भरलेली. मला वाटलं, पाजलंच नाही. ती म्हणाली, 'पाजलं की रोज दोनदा. तुम्ही म्हणलात ना, रेषेपर्यंत पाणी पाहिजे म्हणून. मी रोज घालते.' दर डोसानंतर कमी झालेलं पाणी ती भरत होती! पाचव्या दिवशी त्या बाटलीत औषध नावापुरतं उरलं होतं, पोराला जवळजवळ साखरपाणी मिळत होतं. चूक तिची नव्हतीच. 'रेषेपर्यंत' म्हटलं होतं, 'एकदाच' म्हटलं नव्हतं. त्यानंतर माझ्या तोंडात बसलंय: 'पाणी एकदाच. पहिल्या दिवशी. मग झाकण लागलं की पाण्याचा संबंध संपला.'

तिच्याकडे फ्रिज नव्हता, बागेतल्या शेडमध्ये कुठून असणार? तुमचं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह कालवल्यावर फ्रिजमध्येच ठेवावं लागतं आणि ७ दिवसांत संपवावं लागतं. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावं. फ्रिजशिवाय टिकणारी औषधं असतात, आजाराला चालत असेल तर डॉक्टर ती लिहू शकतात. माठाशेजारी ठेवणं ही मे महिन्यातल्या नाशिकला तात्पुरती सोय झाली, फ्रिजची बरोबरी नाही. फ्रिज असला तरी दारात नको, आतल्या कप्प्यात, आणि बर्फाच्या खणात तर नाहीच. दुपारी दोन-तीन तास वीज गेली आणि फ्रिज बंदच राहिला तर औषध फेकायचं कारण नाही. कालवलं त्या दिवसाची तारीख मात्र बाटलीवर पेनाने लिहा. खोक्यावरची दोन वर्षांची मुदत कोरड्या पावडरीची असते, कालवलेल्या औषधाची नाही. रंग पिवळट-तपकिरी झाला तर मुदत संपायची वाट न बघता काढून टाका.

दर डोसाआधी बाटली हलवायची. औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर पहिले डोस पाणचट आणि शेवटचे कडक.

आणि चमचा. प्रत्येक घरातला 'छोटा चमचा' वेगळा असतो, चहाचा वेगळा, लोणच्याच्या बरणीतला वेगळा. कुठे तीन मिली मावतं, कुठे सात. मेडिकलमधून सुई नसलेली ५ किंवा १० मिलीची सिरिंज मागून घ्या, स्वस्तातलं काम आहे. ६ मिलीला १० ची सिरिंज बरी. बाटलीबरोबरचं मापाचं झाकण चालेल, पण ते सपाट जागेवर ठेवून डोळ्यांच्या पातळीला आणून बघा. हातात धरून वरून बघितलं की चुकतं. सिरिंज नवीन असेल तर टोकाला छोटी टोपी असते का बघा आणि ती आधी काढून टाका, बाळाच्या घशात जाऊ शकते.

पाजण्याच्या पद्धतीवर सासूबाईंशी तुमचं बिनसणार, हे मी गृहीतच धरते. आमच्याही घरात बोंडलं, म्हणजे चोचीचं छोटं भांडं, होतं. बाळाला मांडीवर आडवं पाडायचं, नाक दाबायचं, तोंड उघडलं की ओतायचं. गुटी-घासा असाच गेला पिढ्यान्‌पिढ्या. पण रडणाऱ्या, श्वास ओढणाऱ्या मुलाच्या तोंडात औषध ओतलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुलीला मांडीवर बसवा, सरळ, डोकं किंचित वर. सिरिंजचं टोक जिभेवर नाही, गालाच्या आत. थोडं थोडं सोडा, अर्धा-एक मिली, गिळू द्या, मग पुढचं. चवीमुळे थुंकत असेल तर आधी एक घास केळं, मागून एक घोट पाणी. दुधाच्या पूर्ण ग्लासात मात्र मिसळू नका. तिने अर्धा ग्लास सोडला तर किती औषध पोटात गेलं हे कोण सांगणार? एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोट चाटवू नका, औषधाबरोबरही नाही आणि एरवीही नाही. तुमच्या मुलीला चालेल. 'हे सरबत आहे' किंवा 'चॉकलेट आहे' असंही सांगू नका. पुढच्या वेळी ती फ्रिज उघडून स्वतःच पिईल.

काल रात्रीच्या उलटीचं असं. औषध पाजल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओकली तर तोच डोस पुन्हा एकदा द्यायचा. अर्ध्या तासानंतर ओकली तर नाही, पुढच्या वेळेचा वेळेवर. काल तुम्ही दिला नाहीत, ठीक आहे, एका डोसाने काही बिघडत नाही. पण ते भरून काढायला आज जास्त देऊ नका. विसरलेल्या डोसाचंही तसंच: आठवल्याबरोबर द्या, पण पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर तो सोडून द्या. दोन डोस कधीही एकत्र नाहीत. प्रत्येक वेळीच ओकत असेल तर डॉक्टरांना सांगा. दोनदा म्हणजे साधारण १२ तासांच्या अंतराने. सकाळी आठ, रात्री आठ पुरेसं, घड्याळ लावून झोपेतून उठवायची गरज नाही.

पातळ शी या औषधाने अगदी नेहमी होते, मुख्यतः क्लॅव्हुलानेटमुळे. जेवायला बसली की पहिल्या घासाबरोबर औषध द्या, पोटाला त्रास कमी होतो आणि औषध शोषलंही नीट जातं. मऊ भात, वरण, ताक-भात, केळं चालेल. अँटिबायोटिकबरोबर दही-दूध बंद, ही समजूत काही मोजक्या औषधांवरून आली आहे, तुमच्या औषधाला ती लागू नाही. दिवसातून तीन-चार वेळा पातळ होत असेल, मुलगी खेळती असेल, लघवी व्यवस्थित होत असेल, तर ओआरएस थोडं थोडं पाजत राहा आणि औषध चालू ठेवा. शीमध्ये रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, किंवा ती मलूल पडली, तर थांबू नका, दवाखाना गाठा. जिभेवर-गालात सहज न पुसला जाणारा पांढरा थर आला किंवा लंगोटीच्या जागी लालभडक झालं, तर ती बुरशी असू शकते. तिचं औषध वेगळं, घाई नाही, पण दाखवा.

पुरळाचे दोन प्रकार. औषध दिल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, छाती घरघरायला लागली, तर पुढचा थेंबही न देता जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, बाटली सोबत घेऊन. दुसरा प्रकार म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवशी अंगभर बारीक, सपाट, न खाजणारे ठिपके. अमॉक्सिसिलिनवर मुलांना ते येतात आणि बऱ्याचदा ती खरी अ‍ॅलर्जी नसते. फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा, ते ठरवतील. स्वतःच 'हिला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' असा शिक्का मारून मोकळे झालात तर पुढे आयुष्यभर तिला साधी, स्वस्त, चांगली औषधं नाकारली जातील.

सासूबाईंना काय सांगायचं? त्यांना पातळ शी दिसतेय आणि तिला त्या 'उष्ण पडलं' म्हणतात. निरीक्षण बरोबर आहे, उपाय चुकीचा. ताप उतरला म्हणजे औषध लागू पडलं, जंतू संपले असं नाही. कानाला डॉक्टरांनी ७ दिवस सांगितलेत तर ७. स्ट्रेप्टोकॉकसने घसा धरला असेल तर पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिन १० दिवस चालतं, कारण तिथे घशापेक्षा पुढे हृदयाच्या झडपा बिघडवणाऱ्या संधिवाताच्या तापाची धास्ती असते. टायफॉइडला तर औषध बरोबर असूनही ताप चार-पाच दिवस हटत नाही, आणि लोक तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतात. दिवस कमी करायचे असतील तरी ते डॉक्टरांनी करावेत. आणि तुमच्या बाबतीत नसलेला उलटा प्रकारही सांगते: 'बरं वाटतंय, अजून चार दिवस देऊ' हेही नको. तुमच्या मुलीचा कान मात्र बघत राहा. ४८ ते ७२ तासांत ठणका आणि ताप कमी व्हायलाच हवा, तो झालाय. परत ताप चढला, कानामागे सूज-लाली आली किंवा कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तर त्याच दिवशी दाखवा.

दुकानातल्या गर्दीत मला रोज ऐकू येणारं वाक्य, 'मागच्यासारखंच अँटिबायोटिक द्या, नाक हिरवं झालंय.' हिरवा शेंबूड हा जंतूंचा पुरावा नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो घट्ट आणि हिरवा होतो, आणि विषाणूवर हे औषध चालत नाही. खोक्यावर उभी लाल रेघ असते ती त्यासाठीच, चिठ्ठीशिवाय नाही. सेफिक्झिमसारखी औषधं तर २०१४ पासून औषध नियमांतल्या एच-१ परिशिष्टात आहेत. ती विकली की रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव मला वहीत लिहावं लागतं. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे जातं, जाऊ दे.

२०२५च्या ऑक्टोबरात छिंदवाड्याची बातमी आली, खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली, तेव्हापासून काही आया सिरप या शब्दालाच घाबरतात. तिथे सापडलेलं विष, डायएथिलिन ग्लायकॉल, पातळ सिरपमधल्या द्रावकातून, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात त्यातून येतं. ड्राय सिरपच्या कोरड्या पावडरीत तो द्रावक नसतो, पाणी खोक्यातलं निर्जंतुक नाहीतर तुमच्याच घरातलं असतं. तेव्हा ती भीती या बाटलीला लावू नका. लहानग्यांना खोकल्याची सिरपं डॉक्टरांना न विचारता देऊ नका, एवढं मात्र त्या बातमीतून नक्की घ्या.

तर, आज रात्री २२८.५ ची बाटली आली की कालवा, तारीख टाका, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर ६ मिली. दुसरी बाटली अडीच दिवस पुरेल, मग तिसरी. मध्ये ओकून परत द्यावं लागलं नाही, तर शेवटी तिसऱ्या बाटलीत ६ मिली उरतील. ते 'असू दे, पुढच्या वेळी' म्हणून ठेवू नका आणि मोरीतही ओतू नका. चहाच्या चोथ्यात कालवून पिशवीत बांधा आणि सकाळच्या घंटागाडीत द्या.